गप्प बसण्याचं कार्ड

दुकानाच्या काचेवर मायदेशी बोलायची फोनकार्डं इतकी चिकटवली होती की आतला दुकानदार दिसतच नव्हता. कडेवर लेक चिमणी, खांद्यावर दुरुस्तीला आलेल्या पँटींची पिशवी, अशी ती काउंटरपाशी उभी राहिली. मागे नवरा.

"हे घ्या ताई, सगळे हेच नेतात." दुकानदारानं पिवळं कार्ड पुढे केलं. "फोन जोडण्याचं वेगळं काही कापत नाही. दोन शब्द बोला, ठेवून द्या."

"आणि ते निळं?"

"त्याच्या वाटेला जाऊ नका. फोन लागला रे लागला की घसघशीत कापतं. पुढची मिनिटं मात्र फुकटात पडल्यासारखी."

"मग तेच द्या."

"अगं," नवरा म्हणाला, "कानाला रिसीव्हर लावला की तुझ्या लेकीच्या तोंडाला कुलूप! तुझ्या आई तिकडून 'बोल गं सोने' करून घसा कोरडा करतात, ही आपली मख्ख. दोन मिनिटांत फोन खाली. त्याला निळं कशाला?"

खोटं नव्हतं. एरवी चिमणीच्या बडबडीनं शेजारीही वैतागत, पण आजीच्या कानावर अवाक्षर पडलं नव्हतं. मागच्या वेळी आईनं चाचरत विचारलं होतं, "डॉक्टरांना दाखवलंस का गं तिला?" ते तिच्या काळजात रुतलं होतं.

"म्हणूनच निळं. ही बोलेल तेव्हा बोलेल. तोवर फोन चालू राहू दे."

"म्हणजे गप्प बसायला कार्ड?"

"तुला फुकटात जमत नाही ना, म्हणून विकत घेतेय."

दुकानदार खो खो हसला. नवऱ्यानं मुकाट्यानं पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

घरी आल्यावर तिनं कार्ड खरवडलं, नंबर फिरवला. "आई, आज तू बोलायचं नाहीस. नुसतं ऐकायचं."

"मी? आणि गप्प?"

"लेकीसाठी नाही जमलं कधी. नातीसाठी जमव."

रिसीव्हर तिनं सतरंजीवर ठेवला. शिलाईयंत्राची खडखड नको, म्हणून पँटची दुमड हातानंच घालायला बसली. चिमणीनं रिसीव्हरकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि केळ्याचा तुकडा घेऊन चिंध्यांच्या बाहुलीपुढे ठाण मांडलं. बराच वेळ नुसता सुईदोरा चालला.

मग चिमणीचा आवाज चढला. "खा! खा ना! शहानी ना तू? खा!"

"खाते गं बाई, खाते!" सतरंजीवरून आजी ओरडली. राहवलंच नाही तिला.

चिमणी थबकली. तुरुतुरु आली आणि केळं रिसीव्हरच्या भोकांत दाबू लागली. "आ कल! अजून!"

"पुरे गं, पोट फुटेल माझं!" आई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

रिसीव्हर पुसायला तिनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. खुशाल भरवू दे. तिनं सुईत नवा दोरा ओवला.