खुर्चीपुढची रेघ

महारुद्र पहिली-दुसरीचा वर्ग घ्यायला आत शिरला, त्या दिवशी पोरं एकदम चिडीचूप झाली होती. एवढा भरदार माणूस त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आधीच्या मॅडम बदली होऊन तुळजापूरकडं गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि आजवर वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या महारुद्रच्या गळ्यात हा चिल्ल्यापिल्ल्यांचा वर्ग पडला. ईट गावापासून आत, ज्वारीच्या रानात वसलेल्या वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. पलीकडच्या खोलीत मुख्याध्यापक शिवपुत्र सर मोठ्या पोरांना शिकवायचे, अलीकडच्या खोलीत हा.

पोरांची भीती काही टिकली नाही. आठवडाभरात ती त्याच्या अंगाखांद्यावर खेळायला लागली. पाटी दाखवायला आलं की कुणी मांडीवर रेलायचं, कुणी दंड दाबून बघायचं. महारुद्र तालमीत वाढलेला. भूमजवळच्या त्याच्या गावात अजूनही त्याला पैलवान म्हणूनच हाक मारायचे. घरी बायको शिवांजली म्हणायची, "तुमची ती पोरं तुम्हाला नंदीबैल समजतात बघा." तो हसायचा. मनातून त्याला ते आवडायचं.

मग पावसाळ्यात त्याला पहिली सर्दी झाली. ती जाते न जाते तोच खोकला आला, खोकला ओसरला तसा ताप. वर्गात एकाचं नाक वाहायला लागलं की तीन दिवसांत सगळा वर्ग सुरसुर करायचा आणि शेवटी नंबर सरांचा लागायचा. एकदा डोळे आले, एकदा गालफडं सुजली. शिवांजलीनं आल्याचा काढा केला, हळद-दूध केलं, वाफारे दिले. भूमच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि हसून सांगितलं, "लहान पोरांत बसता सर, हे असंच चालायचं. वर्षभरात अंगाला सवय होईल."

पण लोकांना काय, बोलायला विषय मिळाला. शिवपुत्र सर मधल्या सुट्टीत त्याच्या हातातला रुमाल बघून म्हणायचे, "काय पैलवान, आज कोन्च्या पोरानं पाडलं तुमाला?" चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारायचं, "सर, परत का?" महारुद्र ओशाळून हसायचा आणि चहा अर्धवट ठेवून उठायचा. ताप असला तरी तो रजा टाकत नव्हता. एवढ्या देहाचा माणूस शेंबडानं अंथरूण धरतो हे सांगायचीच त्याला लाज वाटायची.

त्यात मार्गशीर्षात त्याच्या गावची जत्रा आली. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो आणि त्यात महारुद्रची एक कुस्ती दरवर्षी ठरलेली. तो सरकारी नोकर झाला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी गावानं त्याचा मान ठेवला होता. यंदा जोड लावली भूमच्या तालमीतल्या रणधीरशी. पोरगा चपळ, पण महारुद्रच्या ताकदीपुढं टिकला नसता. आदल्या आठवड्यातला खोकला अजून छातीत होता. शिवांजली म्हणाली, "यंदा राहू द्या की." त्यानं ऐकलं नाही.

हलगी कडाडली, सलामी झाली. पहिल्याच पकडीत महारुद्रनं रणधीरला खाली घेतलं. माणसं ओरडायला लागली. आता फक्त त्याला पालथ्याचा उताणा करायचा, एवढंच उरलं होतं. आणि तेवढ्यात त्याला ढास लागली. खोकला थांबेचना. हात सुटले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. रणधीर बाजूला झाला आणि भल्या मनानं थांबून राहिला, हेच जास्त झोंबलं. पंचांनी विचारलं, "व्हईल का?" महारुद्रनं नकाराची मान हलवली आणि हार मानून हात वर केला. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पैलवानाला बालवाडीनं चितपट केलं की रं!" सगळा फड हसला. त्याची म्हातारी आई बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती हसली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावून मान खाली घातली. महारुद्रनं ते पाहिलं.

सोमवारी तो शाळेत गेला तो धुमसतच.

वर्गात युसरा नावाची एक पोरगी होती. सहा वर्षांची, हडकुळी, दोन घट्ट वेण्या आणि बारा महिने वाहणारं नाक. वर्गात सगळ्यात आधी वाचायला ती शिकली. धडा मिळाला की थेट सरांच्या खुर्चीशी यायची, त्यांच्या बाहीला धरायची आणि खड्या आवाजात वाचायची. त्या दिवशीही ती पळत आली. बाही धरली. वाचायला तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडावरच शिंकली.

महारुद्रनं हात झटकला. जोरात. पोरगी मागं धडपडली.

"लांब हो!" तो ओरडला. "तुझ्यापायीच आजारी पडतो मी. कितीदा सांगायचं? तुझ्यामुळं गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाय मला!"

वर्ग गार पडला. युसरा रडली नाही. फ्रॉकच्या टोकानं तिनं नाक पुसलं आणि जागेवर जाऊन बसली. महारुद्रनं खडू घेतला आणि खुर्चीपुढं फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. "आजपासून ह्या रेघेच्या अलीकडं कुणी यायचं न्हाय. पाटी तिथूनच दाखवायची."

पोरांना त्याचा खेळच झाला. रेघेवर अंगठे टेकवून ती उभी राहायची, कुणाचा पाय पुढं गेला की बाकीची ओरडायची. महारुद्र रोज सकाळी रेघ ठळक करायचा. आणि खरंच, त्याची सर्दी थांबली. पुढचे बरेच दिवस त्याला साधी शिंकही आली नाही. रंग सुधारला. शिवपुत्र सरांना चेष्टा करायला काही मिळेना. महारुद्रला वाटलं, हे आपण आधीच करायला पाहिजे होतं.

एक गोष्ट तेवढी त्याला खटकत होती. युसरा वाचत नव्हती. तिचा नंबर आला की रेघेवर येऊन उभी राहायची, ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगवलेले. "वाच की," म्हटलं की नुसती बघायची. मधूनमधून शाळा बुडवायलाही लागली. महारुद्र मनात म्हणाला, रागावलो म्हणून हट्टाला पेटलीय, येईल वळणावर. त्यानं तिला विचारायचंच सोडून दिलं.

संक्रांत झाली. एके दिवशी शुद्धलेखन चालू होतं. महारुद्र पोरांच्या रांगांतून फिरत, वाकून पाट्या बघत होता. युसराच्या मागं तो जरा जास्तच थांबला, कारण तिचं अक्षर सुरेख होतं. काना-मात्रा अशा नेटक्या, की त्याला शिवपुत्र सरांना बोलावून दाखवावंसं वाटलं. तो तिथं उभा राहूनच शेजारच्या पोराची चूक समजावायला लागला. समजावता समजावता त्याच्या पायाशी काहीतरी पडलं. बघतो तर युसरा आडवी झालेली, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ निळसर.

त्यानं झडप घालून तिला उचललं. "पाणी आणा रं!" पोरगी लगेच शुद्धीवर आली, एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले. समोर सरांचा चेहरा दिसला तशी तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं आणि मान पलीकडं वळवली.

"काय झालं बाळा? हात काढ. श्वास घे की!"

ती मानेनंच नाही नाही म्हणत राहिली. तेव्हा तिच्या शेजारी बसणारी अर्पिता म्हणाली, "सर, तुमी जवळ आला की ती श्वासच घेत न्हाय."

"का?"

"तिचा वारा तुमाला लागू न्हाय म्हून. तुमी परत आजारी पडाल ना. आन् सर्दी आली की ती शाळंलाच येत न्हाय."

सगळी पोरं त्याच्याकडं बघत होती. कुणाच्याही डोळ्यात राग नव्हता. त्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं आणि बरोबरच वाटत होतं. सरांनीच तर सांगितलं होतं. महारुद्रच्या हातात ती पोरगी पिसासारखी होती, आणि एवढी वजनं उचललेला तो माणूस तिला धड धरूही शकत नव्हता. त्यानं तिला हळूच खाली बसवलं आणि स्वतः चार पावलं मागं सरकला. तेव्हा कुठं तिनं तोंडावरचे हात काढले.

शिवपुत्र सरांवर वर्ग सोपवून तो तिला घरी घेऊन गेला. हात धरायला त्यानं बोट पुढं केलं, पण ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालली.

तिची आई नूरजहाँ दारातच शिलाई मशीनवर बसली होती. सर आलेले बघून ती घाबरून उठली, डोक्यावर पदर घेतला. पोरीला चक्कर आली होती, आता बरी आहे, एवढंच महारुद्र बोलला. नूरजहाँनं लेकीला पोटाशी धरलं, कपाळाला हात लावून बघितला आणि आत पाठवलं.

मग ती म्हणाली, "सर, माफ करा. तुमाला लई तरास झाला हिच्यामुळं. मला समदं सांगितलं हिनं."

महारुद्र मशीनवरच्या अर्धवट शिवलेल्या कापडाकडं बघत राहिला.

"नाक व्हायतं तिचं, काय करू? दवा पन देते. रोज सकाळी गरम पान्यानं तोंड धुऊनच धाडते, दोन रुमाल देते. जरा जरी सर्दी वाटली की घरीच ठेवते. तुमच्या घरी बी लेकरं असतील. आमच्या पोरीपायी त्यांना कशाला?" तिचा आवाज खाली गेला. "मलाच शरम वाटती, सर. लोक म्हनतील, ह्यांच्यात सफाई न्हाय."

आता बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द. महारुद्रच्या जिभेवर ते आलेही होते. पण शेजारच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या कान देऊन बसल्या होत्या, आणि समोरची बाई हात जोडून उभी होती, आणि त्याला त्या घडीला नुसतं तिथून निघून जावंसं वाटलं. "काळजी घ्या," असं काहीतरी पुटपुटून तो वळला.

"चहा तरी घ्या, सर," ती मागून म्हणाली. तो थांबला नाही.

घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. शिवांजलीनं कपाळाला हात लावला. "परत ताप आला का?"

"न्हाय." मग त्यानं तिला सगळं सांगितलं, जत्रेपासून नूरजहाँच्या जोडलेल्या हातांपर्यंत. सांगताना त्यानं एक-दोनदा स्वतःची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण तोंडातून निघालेलं त्याचं त्यालाच ऐकवेना. शिवांजली भाकरी थापायची थांबली होती. तिनं काही दूषण दिलं नाही. फक्त विचारलं, "आन् त्या माऊलीनं तुमची माफी मागितली, तुमी ती घेऊन आलात?"



दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी तो नूरजहाँच्या दारात गेला. ओट्यावर म्हाताऱ्या होत्याच. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "बाई, तुमच्या पोरीचं काही चुकलं न्हाय. तुमचं तर न्हायच न्हाय. लहान लेकरांना सर्दी होतीच. जत्रेत माझी फजिती झाली, तो राग म्या तिच्यावर काढला. हात झटकला, वर्गासमोर बोललो. काल हे सांगायला पाहिजे होतं, पन माझी हिंमत झाली न्हाय."

नूरजहाँ हातातल्या कापडाची शिवण नखानं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "हात झटकला, हे तिनं सांगितलं न्हवतं मला." तिच्या बोलण्यात आता कालची अजिजी नव्हती. आज तिनं चहाचंही विचारलं नाही. "पाठवते तिला," एवढंच म्हणाली आणि मशीनवर बसली.

महारुद्रला ते बरं वाटलं. हेच आपल्या वाट्याला यायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

वर्गात त्यानं ओल्या फडक्यानं फरशीवरची रेघ पुसली आणि पोरांना सांगितलं, "सरांचं चुकलं. युसरामुळं कुणी आजारी पडत न्हाय. सर्दी मला तुमच्याकडनं लागती, तुमाला माझ्याकडनं लागती. ताप अंगात घेऊन म्या शाळेत येत होतो, तवा तुमाला बी दिलीच की." बाहेर नळाशी त्यानं साबण ठेवला. पोरांबरोबर स्वतःही हात धुवायला लागला आणि ताप आला तर घरी राहायचं ठरवलं. सर्दी काही सुटली नाही. माघात पुन्हा झाली, तेव्हा तो दोन दिवस रजेवर राहिला आणि टपरीवर विचारणाऱ्याला सरळ सांगितलं, की व्हय, झाली.

पण पोरं पुसलेल्या रेघेशीही थबकायची. फरशीवर काही नसताना तिथं अंगठे जुळवून उभी राहायची. "या की जवळ," म्हटलं तर एकमेकांकडं बघायची. हळूहळू एकेक जण पुढं सरकलं. युसरा सरकली नाही.

तिनं पुन्हा वाचायला सुरुवात केली ती होळीच्या आसपास. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून उठली, पुस्तक घेतलं आणि वर्गाच्या पार मागच्या कोपऱ्यात गेली. महारुद्रकडं पाठ केली, तोंड भिंतीकडं केलं आणि वाचायला लागली. तोच खडा आवाज, एकही अक्षर न अडखळता.

इकडं वळ, असं म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे महारुद्रला कळत होतं. तो खुर्चीवरून उठला, आवाज न करता पोरांच्या शेवटच्या रांगेत खाली मांडी घालून बसला, आणि तिच्या दोन वेण्यांकडं बघत त्यानं सगळा धडा ऐकला.