मागे घेतलेलं बोलावणं

त्या दुपारी ट्युनिशियातल्या बिझर्तच्या जुन्या बंदरावर धुकं उतरलं होतं. निळ्या होड्या पाण्यावर आहेत की हवेत, एम्नाला कळेना. कॅफेबाहेर बसलेला लस्सादही धुक्यातून हळूहळू उगवल्यासारखा दिसला.

एम्ना आणि हातेम प्रोग्रामर लोकांची परिषद भरवत होते. अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर लस्साद बोलणार होता. पण कपड्यांच्या कारखान्यातली बाई मशीन सोडून किती वेळ उठली, हे मोजणारी प्रणालीही पूर्वी त्यानेच लिहिली होती, असा इंटरनेटवर बोभाटा झाला. हातेमने घाबरून वेबसाइटवरून त्याचं नाव परस्पर काढून टाकलं.

"सी लस्साद," तिने आदराने हाक मारली, "मी सांगायला आले होते..."

"कळलं. बायकोनं बघितलं. म्हणाली, अहो, तुमचं नाव कुठं गेलं?" त्याने चिलगोजे घातलेला चहा पुढे सरकवला. "घे पोरी. विष नाही त्यात."

एम्ना ओशाळली. "लोक म्हणतात ते खरंय?"

"खरंय. कशाला वापरणार तेही ठाऊक होतं. घर बांधायला काढलं होतं, लिहून दिलं." तो पाण्याकडे बघत राहिला. "पण हे तू आज विचारतेस. काल विचारलं असतंस, तरी हेच सांगितलं असतं."

"आणि तरीही आम्ही नको म्हटलं असतं तर?"

"नसतो आलो. तोंडावर नाही म्हटलेलं सोसतं गं."

परतताना गाडीत तिचा डोळा लागला. धुक्यात बायकांची रांगच्या रांग वाकून शिवत होती, आणि एकही मान वर करत नव्हती. दचकून जागी झाली, तेव्हा न्याय नेमका कुणाला द्यायचा हेच तिला उमगेना.

"आता नाव परत घातलं तर लोक जोड्यानं मारतील," तिचं म्हणणं ऐकून हातेम म्हणाला.

"रीमला विचारलंस?"

पहिली तक्रार रीमची होती. तिची बहीण त्याच कारखान्यात होती. एम्नाने फोन लावला.

"काढा म्हणाले होते मी?" रीम उसळली. "मला त्याला चारचौघांत विचारायचं होतं. तुम्ही तर त्याला सोडवलंत की!"

लस्सादला पुन्हा बोलावणं गेलं. आधी रीमचा प्रश्न, मग भाषण. परिषदेच्या दिवशी तो आला.

"माझी बहीण दिवसभर पाणी प्यायची नाही," रीम उभी राहून म्हणाली. "उठावं लागू नये म्हणून. ठाऊक होतं तुम्हाला?"

"नव्हतं." उघड्या खिडक्यांतून समुद्राची गाज आत येत होती. तो म्हणाला, "मी विचारलंच नाही. काय नाव बहिणीचं?"

"वसीला."

त्याने ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. काही जण उठून गेले. उरलेल्यांसमोर तो बोलला, आवाज खाली गेलेला, मधेच वाक्य हरवत. रीमने टाळी वाजवली नाही. पण हाताची घडी घालून ती शेवटपर्यंत बसून होती.