गावाच्या तोंडचं कडवं

"दादा, आज ते कडवं गाऊ नकोस."

गिझोला दारातच उभी होती. तुरा वाद्याच्या तारा लावत होता, तो थांबला. चौकात कथा गाऊन पोट भरणारा माणूस तो. संध्याकाळी संत योहानाच्या सणाला अख्खं गाव चर्चसमोर जमणार होतं आणि त्याची ट्रॉयची कथा ऐन रंगात आली होती.

"कुठलं गं?" त्याने उगाच विचारलं.

"जसं काही ठाऊकच नाही! मी पाण्याला गेले की बायका तेच गुणगुणतात. आता लापासुद्धा विचारायला लागलीय, आई, ती वाईट बाई कोण?"

कथेत ट्रॉयवाल्यांनी आपला कैदी सोडवायला त्याच्या बदल्यात एक मुलगी ग्रीकांच्या छावणीत धाडली आणि तिथे तिचा एका ग्रीकावर, म्हणजे वैऱ्यावरच, जीव जडला. आधीच्या कवींनी तिला नावं ठेवली, म्हणून तुरानेही ठेवली. तेव्हा गिझोला लहान होती. पुढे गावाच्या वरच्या आणि खालच्या वेशीतलं खुनाखुनीचं वैर मिटवायचं ठरलं. चर्चच्या पायरीवर दोन्हीकडच्या पुरुषांनी समेटाची खूण म्हणून एकमेकांचे मुके घेतले आणि तह टिकावा म्हणून खालच्या वेशीतली गिझोला वरच्या वेशीत दिली गेली. रडत गेली बिचारी. पण नवरा भला निघाला, ती सुखाने नांदली आणि नेमकं हेच खालच्या वेशीला खुपलं. पोरगी झुरली असती तर माहेरची शान राहिली असती ना! तेव्हापासून ते कडवं तिलाच टोमणा म्हणून गायलं जाऊ लागलं.

"अगं, त्या कडव्याला लोक टोप्या उडवतात," तुरा म्हणाला. "ते गाळलं तर मला कोण उभं करील?"

"मग गाळू नकोस. तिला कुणी विचारलं होतं का, एवढं तरी गा."

ती गेली. तुराला ते फार लागलं. दुपारभर तो नवं कडवं जुळवत बसला. चेस्टनटची भाकरी ताटात तशीच राहिली.

संध्याकाळी कारंज्याच्या अलीकडे खालची वेस उभी राहिली, पलीकडे वरची. तह झाला तरी माणसं अजून अशीच उभी राहत. गिझोला पलीकडे होती, लापाचं बोट धरून. तुराने कथेतल्या मुलीला ट्रॉयच्या वेशीपर्यंत आणलं, एक श्वास घेतला आणि गायला:

"जमले वेशीत सारे शहाणे,
पुसले न कुणी तिचे म्हणणे..."

चौक गप्प झाला. तुराला वाटलं, पोहोचलं.

"अरे तुरा, विसरलास काय?" बिंदो खाटीक ओरडला. "म्हातारा झालास लेका! थांब, मी सांगतो." आणि त्याने स्वतःच सुरुवात केली:

"सकाळी रडली वेशीपाशी,
सांजेला हसली वैऱ्यापाशी..."

खालच्या वेशीने ते उचललं. मग वरच्या वेशीनेही. गिझोलाचे दीरसुद्धा टाळ्या पिटत गायला लागले. इतक्या वर्षांत दोन्ही वेशी एका सुरात गायल्याचं तुराने कधी ऐकलं नव्हतं. त्याने जोरजोरात गज ओढून नवं कडवं पुन्हा धरलं, पण कुणाला ऐकू जाणार? कडवं त्याचं होतं खरं, पण आता ते त्याच्या बापालाही जुमानणार नव्हतं.

"सुकली नाही ओल डोळ्यांची,
बाई झाली परक्या घरची!"

टोप्या उडाल्या. तुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

लापा गात होती. टाचा उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्यांत मोठ्याने. मामाचं गाणं अख्खं गाव गातंय, याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. "मामा! मामा, मला सगळं येतं!" ती ओरडली.

गिझोलाचा हात पोरीच्या तोंडाकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग तिने खाली वाकून लापाला उचललं आणि मामा नीट दिसावा म्हणून खांद्यावर बसवलं.