आत्या एक दिवस आधी

हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे तारीखबाई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. बिलाची तारीख नुसती तारीख म्हणून साठवावी, तिला घड्याळ चिकटवू नये, हे तुणतुणं ती वर्षभर वाजवत होती. पैसे कधी जमा झाले याला वेळ हवी, कबूल. पण बिलावर सहा तारीख घातली की ती जगाच्या पाठीवर कुठूनही सहाच दिसायला हवी. मुख्य प्रोग्रामर मात्र हटून बसला होता. त्याच्या मते तारीख म्हणजे त्या दिवसाची सुरुवात, रात्री बाराचा ठोका. मग ज्या देशात उघडाल तिथल्या घड्याळाप्रमाणे ती दिसेल. बैठकीत तोच जिंकला. आणि कहर म्हणजे याच माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं.

लग्न नोंदणी कचेरीत व्हायचं होतं. त्याची अट एकच, आत्या हवी. आईवेगळ्या पोराला तिनंच वाढवलं होतं, आणि आता ती समुद्रापलीकडे, दूर पश्चिमेला, इस्पितळात नर्स होती. आमंत्रणं त्यानं मोठ्या ऐटीत आपल्याच सॉफ्टवेअरमधून धाडली, गिऱ्हाइकांना बिलं जातात तशी. आत्यानं फोनवर कळवलं की आमंत्रण मिळालं, तिकीट काढलं, न्यायला कुणी येऊ नका, मी थेट कचेरीत पोचते.

लग्नाच्या आदल्या सकाळी दोघं ऑफिसात चहा पीत त्याच विषयावर भांडत होती, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"अरे, मी कचेरीच्या दारात उभी आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही सगळे आहात कुठे?"

तो म्हणाला, लग्न उद्या. आत्यानं तिकडेच छापून घेतलेलं आमंत्रण वाचून दाखवलं. त्यात आजची तारीख होती. इथला बाराचा ठोका म्हणजे तिथली आदली संध्याकाळ, हे त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं आणि तोंडचं पाणीच पळालं. आत्याचं परतीचं विमान उद्या पहाटे होतं. रजा तेवढीच मिळाली होती.

तारीखबाईला हसू आवरेना. मी सांगत होते ना, हे शब्द अगदी ओठांवर आले, पण त्याचे भरलेले डोळे पाहून तिनं ते गिळले.

"ऊठ," ती म्हणाली. "लग्न आजच करू."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. कचेरीतल्या कारकुनाच्या हातापाया पडून दुपारची वेळ मिळवली. तिची आई केस रंगवत होती. ती अर्धं डोकं काळं नि अर्धं पांढरं घेऊन तशीच धावली. वडिलांच्या पायांत दोन वेगळ्या चपला. नवरीच्या कपड्यांवर सकाळचा चहा. आत्या तेवढी ठेवणीतले कपडे घालून अशी नटलेली की कारकुनाला वाटलं नवरी हीच. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायला लागली.

सहीपाशी नवरदेव थबकला. तारीख घालून झाली होती. सवयीनं त्यानं विचारलं, "आणि वेळ कुठे लिहायची?"

"वेळ कशाला?" कारकून म्हणाला. "इथे फक्त तारीख."

आधी तारीखबाई फिस्सकन हसली, मग तिचे आईवडील. वर्षभर घरीही त्यांनी हेच ऐकलं होतं. आत्याला काही कळलं नाही, पण तीही हसली. नवरदेवानं कान पकडले.

"सोमवारी बदलतो," तो म्हणाला.

लग्न झाल्याचा आनंद मोठा होता की वाद जिंकल्याचा, असं तारीखबाईला आज विचारलंत तर ती अजूनही जरा विचार करते.