डावा हात

वर्ग तपासायला नेनिता मॅम मागच्या बाकावर बसल्या आणि त्यांचे गुडघे फळीला आपटले. चौथीच्या पोरांसाठी केलेला बाक तो. मुख्याध्यापिका झाल्यानं काही गुडघे लहान होत नाहीत. समोर तरुण मास्तरीण रिझालीन फळ्यावर आकडे काढत होती.

सकाळीच ती सांगून गेली होती.

"मॅम, आजची तपासणी बिघडली तर मी हाँगकाँगला जाते. मावशीनं घरकामाची जागा बघून ठेवलीय."

"आणि ही पोरं?"

"त्यांना माझ्यापेक्षा कुणीही बरं शिकवेल."

तेव्हापासून नेनिता मॅमच्या जिवाला चैन नव्हतं. या बेटावर मास्तरीण टिकायची मारामार, आणि ही तर जीव ओतणारी पोर. फक्त तिचा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता.

"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" रिझालीननं विचारलं.

झटक्यात अख्ख्या वर्गाचे हात वर गेले. कुणाचे उजवे, कुणाचे डावे. रिझालीननं एक उजवा हात निवडला आणि उत्तर बरोबर आलं. पुढच्या प्रश्नाला दुसरा उजवा हात, तेही बरोबर.

नेनिता मॅमना हसू आवरेना. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा; तपासणीच्या आदल्या दिवशी पोरांना पढवायची ही युक्ती त्यांना पाठ होती. त्यांनी स्वतः केली होती ना.

याच वर्गात, छप्पर झावळ्यांचं होतं तेव्हा. जुन्या मुख्याध्यापिका सालुद मॅम अशाच मागे बसलेल्या, मांडीवर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी, मधल्या सुट्टीत सगळ्या मास्तरणींना वाटायला आणलेली. उत्तरं धडाधड चालली असताना मागून एक सुरकुतलेला डावा हात वर आला.

"मला नाही समजलं हो, मॅम."

पोरं खिदळली. तरुण नेनिताचे कान तापले. मग काय झालं कोण जाणे, घोकलेलं सगळं बाजूला ठेवून तिनं पहिल्यापासून समजावलं, स्वतःला सुचेल तसं. एकेक डावा हात खाली आला. सालुद मॅम जाताना फक्त म्हणाल्या, "कसं शिकवायचं ते मला विचारत बसू नकोस आता. तुझं तू ठरव." त्या एका बोलावर नेनितानं सगळी नोकरी काढली. सालुद मॅमना टेकडीवर पुरूनही बरीच वर्षं झाली, पण रताळ्यांचा वास आला की नेनिता मॅम अजून मागे वळून बघतात.

नेनिता मॅमनी डावा हात वर केला.

रिझालीनचा खडू हातातून निसटला. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला नाही समजलं, मॅम," नेनिता मॅम म्हणाल्या. "तीनापेक्षा चार मोठे ना? मग एक चतुर्थांशच मोठा नको का?"

वर्गात खसखस पिकली. खिडकीपाशी बसलेली मारिसेल मात्र हसली नाही. तिचा डावा हात अजून वर होता आणि तिला नेमकं हेच विचारायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रिझालीन तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं रंगीत तक्ता गुंडाळून ठेवला, स्वतःचा डबा उघडला आणि केळीच्या पानावर भाजलेले दोन बिबिंका, तांदळाचे सारख्याच आकाराचे गोड केक, बाहेर काढले.

"थांबा, मॅम." तिनं मागच्या बाकाकडे बघून बजावलं. "तुमच्याआधी मारिसेलचा हात वर होता."

नेनिता मॅमनी मुकाट्यानं हात खाली घेतला. मुख्याध्यापिकेला थांबवायचं धाडस तर सालुद मॅमपुढे त्यांनाही झालं नव्हतं.

एका बिबिंकाचे तीन तुकडे झाले, दुसऱ्याचे चार.

"यातला एक तुझा, मारिसेल. कुठला घेशील?"

"तीनातला!" मारिसेल ओरडली, आणि मग स्वतःच चकित होऊन तोंडावर हात ठेवून बसली.

नेनिता मॅमचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईनं उजवा हात वर केला आणि वरच ठेवला.

रिझालीननं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुकडा हातात घेऊन ती पुढच्या डाव्या हाताकडे निघाली होती.