अर्धा राहिलेला अध्याय

मुलांनो, क्षणभर असं गाव डोळ्यांपुढे आणा, जिथं पोथी एकच आणि वाचता येणारा माणूसही एकच. दिवसाची कामं उरकून सगळे देवळात जमलेत. तो वाचतोय, बाकीचे ऐकताहेत. शेकडो वर्षं आपल्याकडे बहुतेकांनी पुस्तकं अशीच वाचली, कानांनी.

हिर्डोशी गावचे चिमाजी अजूनही तसंच, मोठ्यानं वाचत. म्हणून तर भोरच्या वाचनालयात घोटाळा झाला. त्यांनी टेबलावर पोथीचं फडकं सोडलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आजोबा, माईक आणू का?" परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण म्हणाला. दोघंतिघं हसले.

ग्रंथपाल हीना उठून आली. "आजोबा, इथं मोठ्यानं वाचायचं नसतं. मनात वाचा."

"ह्ये वाचनालय न्हवं का?" चिमाजी गोंधळले. "आन् मनात वाचल्यालं ऐकणार कोन?"

हीनानं 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवलं. चिमाजींनी पोथी उचलली आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. हीनाची भाची, दहा वर्षांची अम्रीन, त्यांच्यामागे गेली.

"घरी का नाही वाचत?"

"घरी कोन हाय? ठकुबाई, आमची मालकीन, रोज ऐकायची. ती गेली तवा ह्यो अध्याय अर्धा ऱ्हायला. अर्धा ठिवू न्हाई. पर एकट्यानं कसा वाचू? शेजारच्या घरांना कुलपं. पोरं समदी पुन्याला. म्हनलं, हितं वाचणारी मानसं असत्यात, एकादं तरी ऐकंल."

"मी ऐकते," अम्रीन म्हणाली.

चिमाजींनी एक ओवी वाचली आणि थांबले. अम्रीनला वाटलं, शब्द अडला. तिनं वाकून पाहिलं. "पुढचा शब्द 'तयासी' आहे."

"ठावं हाय की! आगं, तू 'हं' म्हनल्याबिगर म्या फुडं कसा जाऊ?"

मग ती 'हं' म्हणू लागली. एकदा मध्येच म्हणाली, तर चिमाजी म्हणाले, "ओवी तर संपू दे, बाय!" दोघंही हसली.

शेवटच्या ओवीपाशी त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनी ती सावकाश वाचली. अम्रीन 'हं' म्हणाली. चिमाजींनी पोथी मिटली, फडक्याची गाठ दोनदा मारली.

"झाला बग. आता यष्टी गाठतो."

"उद्या याल?"

"उंद्या कशाला? ऱ्हायल्यालं संपलं की." तिच्या डोक्यावर हात ठेवून ते चालू लागले.

अम्रीन आत आली. आपलं गोष्टीचं पुस्तक उघडून ती हळू आवाजात वाचू लागली. पहिला परिच्छेद संपला, तशी ती थांबली.

"काय गं, अडलं का?" हीनानं विचारलं.

अम्रीननं नकारार्थी मान हलवली आणि ओळीवर बोट ठेवून ती तशीच थांबून राहिली.