कॅमेऱ्याला कंठ फुटला

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. जुना मी हळूहळू झालो. स्वस्त मात्र जन्मापासूनच होतो. कारखान्यात माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढा एक भोंगा बसवला गेला. फोटो निघाला की तो 'पीं' म्हणे, सेल संपत आले की 'पीं', कार्ड भरलं तरी 'पीं'. माझं सगळं वक्तृत्व एवढंच.

माझे मालक चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवत होते. स्टुडिओ बंद झाल्यावर लेकीने मला आणून त्यांच्या हातात दिलं. ते मला खेळणं म्हणत, पण खिशातून काही काढत नसत. पुढे त्यांची नजर अधू झाली. समोरचं मधोमध धुरकट दिसू लागलं. एका समारंभात त्यांनी आठ माणसांचा फोटो काढला, आणि आठही जण गळ्याच्या खाली आले. पाहुण्यांनी कपड्यांची फार तारीफ केली. त्याच दिवशी माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली.

पण त्या घराचा एक नेम होता. लग्नाच्या वाढदिवसाला मालक खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून बायकोचा फोटो काढत. असे एक्केचाळीस झाले होते. बेचाळिसावा तीन दिवसांवर आला आणि त्यांनी जाहीर केलं, आता जमायचं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, मग राहू दे, दुसऱ्या कुणापुढे मी बसायची नाही. विषय संपला.

लेकीचा मात्र संपला नव्हता. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करते. तिने मला बाहेर काढलं आणि माझी एक भाबडी खोड हेरली: सुरू होताना मी कार्डावर नवे हुकूम शोधतो, आणि ते कुणी दिले हे न विचारता पाळतो. चेहरा ओळखून त्याभोवती पिवळी चौकट काढायला मला येतच होतं. तो चेहरा कुठे आहे, हेच तिला माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. भोंग्याला फक्त चालू आणि बंद कळतं. तिने त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केलं, आणि मित्रांनो, माझ्या पोटातून चक्क सूर निघाला! माझं अंग थरथरत होतं. तिने आईला हाक मारून सांगितलं की हा गातोय. आईला वाटलं होतं, दाराची बेल बिघडली.

ठरलं असं: खालचा सूर म्हणजे डावीकडे, वरचा म्हणजे उजवीकडे, चेहरा मधोमध आला की तीन तुटक सूर.

वाढदिवसाच्या दुपारी मालकांनी मला उचललं. मी खालचा सूर लावला.

"माझ्या डावीकडे सरक," ते बायकोला म्हणाले.

त्या सरकल्या. माझा सूर आणखी खाली गेला. त्या आणखी सरकल्या.

"अहो, आता भिंतीत शिरू का?"

लेकीने कपाळावर हात मारला. कॅमेरा वळवावा असं तिने गृहीत धरलं होतं. मालकांनी स्टुडिओच्या चाळीस वर्षांत कॅमेरा कधी हलवलाच नव्हता; तो स्टँडवर उभा असायचा आणि हलायची ती गिऱ्हाइकं. मालकांनी मला खाली ठेवलं. खिडकीतलं ऊन उतरत होतं.

"बाबा, तुम्ही नका बदलू. याला बदलते."

तिने कार्ड काढलं, सुरांची अदलाबदल केली. सात मिनिटं. एवढा उतावीळ मी कधीच झालो नव्हतो.

या वेळी त्या सरकल्या आणि मी तीन सूर गायलो. मालकांनी बटण दाबलं नाही. मी पुन्हा गायलो, जरा ठासून.

"बाबा, दाबा की."

"थांब. त्याला चेहरा कळतो. तुझी आई रागावून बसलीये ते कळत नाही."

"तुम्हाला दिसतंय?"

"श्वासावरून कळतं." मग खुर्चीकडे वळून, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, पोट आत घ्या."

मालकीणबाई खळखळून हसल्या. त्या हसण्याच्या दिशेने मालकांनी मला जरासं वळवलं आणि बटण दाबलं.

लेकीने पडद्यावर पाहून सांगितलं, "आईचा एक कान कापला गेलाय."

"असू दे. हसतीये ना?"

"पोट धरून."

मित्रांनो, एकच विनंती. ड्रॉवरमधल्या वस्तूंचे सेल काढून ठेवा; ते गळतात आणि सत्यानाश करतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एखाद्या यंत्राशी जमेना, तर आधी यंत्राला बदलून पाहा. आम्हाला राग येत नाही. मला तर त्यात गाणं मिळालं.